सुरेखाताईंचा तास

बुधवार, संध्याकाळ

आज सकाळी बावड्याच्या अंगणवाडीत, मान न धरणाऱ्या चार वर्षांच्या राणीला खिचडी भरवून सेविकांना दाखवत होतो. तिची मान मीच वर केली आणि तिला जोराचा ठसका लागला. तिची आई सुरेखा धावली. “सर, मान वर नगा करू! हनुवटी खाली घ्या.” मग पोर नीट जेवली.

“आता सरांनाच ट्रेनिंग द्या, ताई!” सेविका हसल्या. मीही हसलो. पण तो ठसका... इतकी वर्षं मी काय शिकवलं?

दुपारी बारामतीच्या ऑफिसात आमच्या साहेबांना सांगितलं, उद्याच्या सेविकांच्या ट्रेनिंगमधला माझा तास सुरेखाताई घेतील.

“सहावी शिकलेली बाई?”

“व्हय साहेब. मला येत न्हाय, तिला येतं.”

साहेब नको म्हणाले. देवापुढं रोज हात जोडतो, मग खोट्या जागी उभा कसा राहू? वेळापत्रकावरचं माझं नाव खोडलं, तिचं लिहिलं आणि कागद ट्रेनिंगच्या खोलीच्या दारावर चिकटवूनच निघालो.