दारातून न जाणारं दीपगृह

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. फोन वाजायचा थांबेपर्यंत तू त्याच्याकडे बघत बसतोस, हे वहिनीने सांगितलंय मला. पत्राचं तसं नाही, ते वाजतच नाही. आणि तू नाही वाचलंस तर वहिनी वाचेल, मोठ्याने, तुझ्या कानावर पडेल अशा बेताने. वहिनी, गॅलरीचं दार तेवढं उघडं ठेव.

तर सगळ्यात मोठी बातमी आधी सांगते. तुझी धाकटी बहीण सुतार झाली आहे. हसू नकोस. जिला लहानपणी तू हातोडीला हात लावू द्यायचा नाहीस, ती आता स्क्रू, पाचर, तिरकी पट्टी असले शब्द तोंडावर फेकते लोकांच्या. परवा दुकानात एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं तर मी पेन्सिल कानामागे खोचूनच माप घेतलं. ते गृहस्थ जाताना दाराबाहेरची पाटी पुन्हा एकदा वाचून गेले.

हे सगळं झालं तुझ्या लाडक्या भाचीमुळे. खारूताई जाते त्या सरकारी शाळेत कलेचा वर्ग चालतो, ते तुला माहीत आहे. दुपारपर्यंत गणित, भूगोल, आणि मग नाटक, चित्रं, गाणं. शिक्षक दोनच, त्यामुळे बाकी सगळा गाडा आम्ही पालक ओढतो. दर शनिवारी शाळेच्या मागच्या जुन्या खोल्यांमध्ये आमचा तळ पडलेला असतो. आता वरून असं आलंय की त्या खोल्या सामान ठेवायला हव्यात. खोल्या गेल्या की वर्ग गेला. मुख्याध्यापिकाबाई भांड भांड भांडल्या आणि शेवटी एवढं पदरात पाडून घेतलं की खात्याचे साहेब मुलांचं नाटक स्वतः येऊन बघतील आणि मगच काय ते ठरवतील. त्यामुळे या वर्षीचं नाटक म्हणजे आमच्यासाठी आर या पार आहे. पुढच्या आठवड्यात शनिवारी प्रयोग आहे, आणि मला रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी तोच आठवतो.

आता तू विचारशील, शिवणकाम करणाऱ्या बाईला सुतारकाम कोणी दिलं? तर बाईंचा एक नियम आहे. पोटासाठी जे काम करतो ते शाळेत करायचं नाही. पहिल्याच सभेत मी ऐटीत सांगितलं की मुलांचे सगळे कपडे माझ्याकडे लागले. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, म्हणजे कपडे सोडून काहीही. त्यांचं म्हणणं असं, की मोठी माणसं नेहमी सगळं येत असल्यासारखी वागतात आणि मुलांना वाटतं आपण एकटेच ढ. आईबाबांना चुकताना, धडपडताना, पुन्हा करताना बघितलं की पोरांचा धीर वाढतो. म्हणून खलाशांचे गणवेश शिवतो एक बसचा ड्रायव्हर. एवढी मोठी बस अरुंद गल्लीत वळवणारा माणूस, कॉलर वळवताना घामाघूम होतो. दवाखान्यातली एक नर्स पडद्यावर समुद्र रंगवते. आणि मी आणि बँकेतला एक कॅशियर, आम्ही दोघं मिळून सुतार. मी पहिल्या दिवशी करवत उलटी धरली होती, ते मात्र कोणाला सांगू नकोस.

नाटक मुलांनी स्वतः लिहिलंय. दीपगृहाचा राखणदार आजारी पडतो, समुद्रावर धुकं, जहाज खडकाच्या दिशेने येतंय, आणि त्याची मुलगी एकटी वर चढून दिवा लावते. ती मुलगी म्हणजे आपली खारूताई. निवड झाली त्या दिवशी घरी आली ती जिन्यावरून ओरडतच. कपाटावर चढून बसायची तेव्हा तू तिचं हे नाव ठेवलंस, आता त्या नावाचं सार्थक झालं असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे. शेवटी सगळे दिवे बंद, अंधार, आणि उंचावर तिच्या हातात तेवढा एक दिवा. तालमीत नुसतं बाकावर उभं राहून तिने तो प्रसंग केला तरी ड्रायव्हरसाहेब कॉलरने डोळे पुसत होते, तेही खलाशाच्या.

तर ते दीपगृह आम्ही मागच्या एका खोलीत बांधलं. चारी बाजूंना लाकडी चौकटी, वर प्लायवूड, आत शिडी आणि माथ्यावर एक फळी. कॅशियर म्हणजे मापांचा इतका काटेकोर माणूस की दोन पट्ट्यांत केसाचा फरक निघाला तरी त्याला जेवण जात नाही. प्रत्येक खाच त्याने तीनदा मोजली. पोरांनी पांढरे-लाल पट्टे रंगवले. मी खाली बसून वर बघितलं आणि दादा, खरं सांगते, ऊर भरून आला माझा. माझ्या हातांनी एवढं उंच काहीतरी उभं राहिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी चहा मागवला, आणि चहा पिऊन आम्ही दीपगृह सभागृहात न्यायला उचललं.

ते दारातून जाईना.

आडवं केलं, तिरकं केलं, उलटं केलं. ड्रायव्हरसाहेब बाहेर उभं राहून जरा मागे, अजून मागे, येऊ द्या, येऊ द्या असं हात करत होते, जसं काही गाडी लागते आहे. नर्स आत अडकली होती, ती शेवटी खिडकीतून बाहेर पडली. कॅशियरने प्रत्येक गोष्ट तीनदा मोजली होती, फक्त दार मोजलं नव्हतं. मीही नाही. मुलांपैकी एकाला हसू फुटलं आणि मग सगळी वर्गातली बाकं हसायला लागल्यासारखा गदारोळ झाला. बाईसुद्धा भिंतीला टेकून हसत होत्या. मी मात्र त्या दारात तशीच उभी राहिले, कारण मला तू दिसत होतास.

आठवतं, आपण चौघं एका खोलीत राहायचो तेव्हा अभ्यासाला टेबल हवं म्हणून मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं? बाबा म्हणाले, टेबल आलं तर आपण झोपायचं कुठे? तू तेव्हा नुकताच सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये लागला होतास. तू खडू घेतलास आणि जमिनीवर टेबल आखलंस, खऱ्याएवढं. मग आईची पोळपाट ठेवायची जागा आखलीस, बाबांचं अंथरूण आखलंस, दार उघडतं तेवढी कमान आखलीस. मला त्या चौकोनात बसवलंस आणि म्हणालास, रेघेबाहेर पाय काढायचा नाही. मी मुद्दाम काढायची. तू पुसून पुन्हा आखायचास. आधी खडू, मग करवत, असं तू म्हणायचास आणि मला त्याचा इतका कंटाळा यायचा. मग तू ते टेबल केलंस, भिंतीला बिजागऱ्यांवर, अभ्यास झाला की मिटून वर. त्याच्यावर अभ्यास करून मी काही दिवे लावले नाहीत, पण ते टेबल अजून माझ्या दुकानात आहे, इस्त्री त्याच्यावरच करते.

तर त्या दारात उभं राहून मला ते टेबल आठवलं. कॅशियरच्या हातात करवत होती, तो मधोमध कापायला निघाला होता. मी म्हटलं, थांबा. कोट अंगाला झाला नाही तर आपण कापड फाडत नाही, शिवण उसवतो. मी चारी कोपऱ्यांचे स्क्रू काढले, शिडी आणि वरची फळी सोडवली आणि दीपगृह उसवलं. मग तीन कोपऱ्यांना बिजागऱ्या लावल्या, आणि चौथा कोपरा उघडा ठेवून तिथे कड्या. आता ते घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखं मिटतं. चौघांनी उचललं आणि दारातून बाहेर, व्हरांड्यातून सभागृहात, रंगसुद्धा खरवडला नाही. मुलं दोन्ही बाजूंनी मिरवणुकीसारखी चालत होती. तू असायला हवा होतास, हे मी त्या दिवशी इतक्या वेळा मनात म्हटलं की शेवटी तोंडातून बाहेर पडलं आणि नर्सने विचारलं, कोण?

रंगमंचावर ते पुन्हा उभं केलं, कड्या लावल्या, शिडी आणि फळी बसवली. दिसायला तर असं दिसतं की बघत राहावं. पण कॅशियर शिडीवर चढायला गेला आणि दोन पायऱ्यांवरच ते कुरकुरलं आणि एका अंगाला थोडं हललं. फार नाही. पण हललं. बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं की यातलं कळणारं कोणीतरी बघून हो म्हणत नाही तोवर एकही मूल वर चढणार नाही. मला राग नाही आला, उलट बरं वाटलं. माझीच मुलगी चढायची आहे. कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याला बोलावलं, तो आला, सगळीकडून फिरला, म्हणाला, दुसऱ्याने जोडलेल्याची हमी मी देत नाही, सगळं मोडून नवीन करून देतो, पण प्रयोग पुढे ढकला. साहेबांची तारीख कशी ढकलणार? मग बाईंनी दुसरा तोडगा काढला, मुलीने खाली उभं राहूनच दिवा लावावा. तसं करून बघितलं. दादा, सगळं नाटकच कोसळलं. अंधारात तो दिवा मुलांच्या डोक्यांमध्ये हरवून गेला, मागच्या रांगेतून दिसलासुद्धा नाही. सगळ्यांना कळलं की हे बघून साहेब खोल्या आमच्याकडे ठेवणार नाहीत.

खारूताई रडली वगैरे नाही. तालीम संपल्यावर तिने फळ्याजवळचा खडू घेतला. तुला सांगायचं राहिलं, रंगमंचावर कोणी कुठे उभं राहायचं ते खडूने आखलेलं असतं, प्रत्येक पात्राची पावलं. बाईंनी ही पद्धत पाडली तेव्हा खारूताईने घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की हे तर आमच्या मामाचं आहे. तर ती दीपगृहाच्या पायथ्याशी गेली, शिडीच्या अगदी बाजूला, आणि स्वतःच्या दोन्ही चपलांभोवती रेघा मारल्या, मग त्या पुसून मोठ्या केल्या, आणखी मोठ्या केल्या. मी विचारलं, इथे कोण उभं राहतं? ती म्हणाली, मामा. त्याने हलवून बघितलं, काय कमी आहे ते सांगितलं आणि तो इथे उभा राहिला, की मी चढते.

म्हणून हे पत्र. तू म्हणशील, दोन बोटं मशीनमध्ये गेल्यापासून मी करवत धरली नाही, आता सुतार म्हणून मला कशाला बोलावता. वहिनी सांगते, तू पाहुणे आले की उजवा हात खिशात घालतोस आणि ते जाईपर्यंत काढत नाहीस. मला त्याचं फार वाईट वाटतं दादा, बोटांपेक्षाही जास्त. पण इथे तुला करवत कोणी देणारच नाही. बाईंना मी सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, सुतार आहेत ना, मग नियम म्हणजे नियम, हत्याराला हात लावायचा नाही, त्यांनी फक्त बघायचं आणि सांगायचं. हात आमचे आहेत, चुकणारे, पण तू सांगशील तसे वळणारे. कॅशियर तर वहीबिही न घेता नुसता तुझ्या तोंडाकडे बघत बसेल, अशी त्याची तयारी आहे. माझ्या हाताची खोड तुला ठाऊक आहे, मी स्क्रू कुठे घाईने आवळला असेल ते तू दुरून ओळखशील. आणि तू बघून नाही म्हणालास तर ती चढणार नाही, मी चढू देणार नाही, मग खोल्या गेल्या तरी चालतील. हो म्हणायला लावण्यासाठी मी तुला बोलवत नाहीये. प्रयोगाआधीच्या गुरुवारी सकाळची गाडी धर, मी स्टेशनवर असेन. सभागृह झाडणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवलंय की शिडीजवळची ती दोन पावलं पुसायची नाहीत. रोज त्या तेवढा तुकडा सोडून बाकीचं झाडतात.

तुझीच,
रेघेबाहेर पाय काढणारी धाकटी