नकाराची मूळ प्रत

२४ ऑगस्ट, रविवार सकाळ

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तुमचं कसं काय चाललंय हे विचारण्याचा हक्क मी चार वर्षांपूर्वी माझ्याच जेवणाच्या टेबलावर घालवला, तेव्हा ते तुला वाटलं तर कळव.

वर ‘सौ.’ लिहिताना पेन अडखळलं नाही, हे आधीच सांगतो. आमच्या कार्यालयाकडून तुला आलेल्या सहाही पत्रांवर नुसतंच ‘अर्जदार’ असायचं. सौ. लिहिलं तर दाजी आहेत असं सरकारनं कबूल केल्यासारखं, श्रीमती लिहिलं तर नाहीत असं. सरकारला दोन्ही परवडत नाही. मला पहिलं परवडतं. का, ते पुढे येईलच.

घरची बातमी म्हणजे तुझ्या भावजयीचा गुडघा. तो आता हवामानखात्यापेक्षा खरं बोलतो. मला दोन चष्मे लागले आहेत, एक लांबचा आणि एक जवळचा. तरी दिसत काही नाही अशी तिची तक्रार. खिडकीवरची तुळई वाकली होती ती बदलून घेतली. आमचा करार कक्ष तिसऱ्या मजल्यावरून तळघरात हलवला. एके काळी नऊ माणसं होतो. आता तीन आहोत, त्यातला एक सेवानिवृत्तीपूर्व रजेवर आणि दुसरा त्याच्या निरोपसमारंभाच्या तयारीत. देशानं जगाला दिलेल्या शब्दांच्या मूळ प्रती, रेशमी फितींसकट, मोडक्या पंख्यांच्या शेजारी रचून ठेवल्या आहेत. पंख्यांची यादी झाली. प्रतींची व्हायची आहे.

तू म्हणशील, हा गुळमुळ्या चार वर्षांनी पत्र लिहितो आणि पंखे मोजतो. थांब, येतो मुद्द्यावर.

तीन आठवड्यांपूर्वी भाची कार्यालयात आली होती. तुला सांगून आली की न सांगता, मला माहीत नाही; तिला रागावू नकोस. अभ्यागतांच्या बाकावर क्रमांकाचा कागद हातात घेऊन ती पावणेदोन तास बसली. मी उपसचिव आहे, माझं नाव घेतलं असतं तर शिपायानं तिला थेट आत सोडलं असतं. नाव घेतलं नाही. आत आली, बसली आणि मला ‘तुम्ही’ म्हणाली. ताई, ही पोर सात वर्षांची होती तेव्हापासून मला ‘ए मामा’ म्हणायची. त्या ‘तुम्ही’नंच अर्धं काम केलं.

तिनं पिशवीतून सहा पत्रं काढून माझ्या टेबलावर ओळीनं लावली. दाजी नकाशाचे कागद लावायचे तसंच, कडेला कड. म्हणाली, “ही तुम्ही लिहिलीत ना?”

मी म्हणालो की सही कक्ष अधिकाऱ्याची आहे.

“सही नाही विचारली.”

मग तिनं प्रत्येक पत्रातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘निर्णय यथावकाश कळविण्यात येईल.’ सहा पत्रं, सहा वेळा. म्हणाली, “मी सायकल मागितली होती तेव्हा तुम्ही हेच म्हणाला होतात. यथावकाश. आमच्या ओळखीत हा शब्द दुसरं कुणी वापरत नाही.”

सायकल मी तिला कधी घेऊन दिली नाही, हेही त्याच वेळी आठवलं.

तर ताई, ती पत्रं माझी. सहाही. बारा वर्षांपूर्वी दोन माणसं गाडी घेऊन आली आणि दहा मिनिटांचं काम आहे म्हणून दाजींना घेऊन गेली. त्यानंतर तू सरकारला जे जे अर्ज केलेस, त्या प्रत्येकाचं उत्तर तुझ्या सख्ख्या भावानं लिहिलं. तू मला फोन करून रडत सांगायचीस की आज पुन्हा तेच पत्र आलं, आणि मी म्हणायचो, अगं, विचाराधीन आहे म्हणतात ना, म्हणजे बंद केलेलं नाही. स्वतःच्या वाक्याचा अर्थ मी तुला समजावून सांगत होतो. एवढा चांगला भाष्यकार कुठल्याही ग्रंथाला मिळाला नसेल.

आता हे ‘विचाराधीन’ म्हणजे काय, ते ऐक. कारण ते प्रकरण माझ्याच डोक्यातून निघालं आहे, आणि त्यावर मला एक बढतीही मिळाली.

मी सव्विसाव्या वर्षी त्या न्यायालयाच्या करारावर आपल्या देशाची सही करायला गेलेल्या मंडळींची बॅग धरून गेलो होतो, आठवतं? कोटाचं बटण तू शिवून दिलं होतंस. परत आल्यावर मी तुम्हा दोघांना तासभर व्याख्यान दिलं: आता देशात दाद लागली नाही तर साधा माणूसही आपल्या सरकारला बाहेरच्या न्यायाधीशांपुढे उभं करू शकेल. दाजी मोजणीदार माणूस. ते म्हणाले, “खुणेचा दगड रोवणं सोपं असतं हो. तो तिथेच राहील हे बघायला रोज माणूस लागतो.” मी हसलो होतो.

त्या करारात एक अट आहे. देशातले सगळे दरवाजे ठोठावून झाले आणि सरकारनं शेवटचं ‘नाही’ म्हटलं, की मगच बाहेरचं दार उघडतं. अट वाजवी आहे. फक्त ती लिहिणाऱ्यांनी माझ्यासारखा माणूस धरला नव्हता. मी आमच्या सचिवांना एका टिपणीत दाखवून दिलं की सरकारनं कधीच ‘नाही’ म्हणू नये. ‘हो’ तर म्हणायचंच नाही. घोंगडं भिजत ठेवावं. भिजतंय तोवर कुणी बाहेर जाऊ शकत नाही. तुझा अर्ज त्या न्यायालयानं दोनदा परत पाठवला तो यामुळेच. तुझ्या वकीलबाईंनी भांडून पाहिलं की इतका उशीर म्हणजे नकारच. आम्ही लगेच लिहून कळवलं की विचार चालू आहे. तेही पत्र माझंच.

आणि तू हे ओळखलं होतंस. चार वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर तू पोळीचा घास तसाच ठेवलास आणि म्हणालीस, “तुझ्या सरकारला सांग, मला आशा नको. मला नकार द्या. लेखी.” तुला वाटत होतं की मी फक्त निरोप पोचवणारा आहे. मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. म्हणालो, ताई, आधी जेव, गार होतंय.

तू उठलीस ती उठलीसच.

त्या वेळी मी नकार लिहिला असता तर काय झालं असतं, हे मी टाळत आलो होतो. आज टाळत नाही. त्याच वर्षी त्या न्यायालयाच्या आदेशावरून आमच्या सरकारनं दोन कुटुंबांच्या बाबतीत नोंदवह्या उघडल्या. कुरकुरत, पण उघडल्या. एक माणूस घरी आला. दुसऱ्याची जागा तरी घरच्यांना कळली. दोन्ही पत्रं माझ्या हाताखालून गेली. त्यांना नकार मिळाले होते, कारण त्यांच्या फायली दुसऱ्या कक्षात होत्या आणि तिथे माझ्याइतका हुशार माणूस नव्हता.

आता न्यायालयाचं काय उरलंय ते तू पेपरात वाचत असशील. पंधरा खुर्च्यांपैकी चार रिकाम्या, कारण कोण बसणार यावर देशांचं एकमत होत नाही. निकाल लागतो आणि ज्याच्याविरुद्ध लागतो तो म्हणतो, बघू. थोरल्यानं ताट ढकललं की धाकटी रांगेनं ढकलतात, तसं चाललंय. आपणही ढकललं. करारात शिरायला आपल्याला अकरा वर्षांची चर्चा लागली होती, निघायला सव्वा पान पुरलं. ते कुणी लिहिलं हे आता विचारू नकोस, हसू येईल.

पण त्या सव्वा पानाची गंमत तुला सांगितलीच पाहिजे, कारण तुझ्या कामाचं सगळं त्यात आहे.

गेल्या वर्षी मार्चच्या तीन तारखेला मंत्रिमहोदयांनी पत्रकारांपुढे जाहीर केलं की आजपासून आपण त्या न्यायालयातून बाहेर. टाळ्या पडल्या, मथळे झाले. तुझ्या वकीलबाईंनी तुझी फाइल बांधून ठेवली ती त्याच आठवड्यात, असं भाची म्हणाली. सगळ्या देशाला वाटतं दार त्या दिवशी लागलं. अगं, करारातून बाहेर पडायचं तर तसं पत्र पाठवावं लागतं, ते तिकडे पोचावं लागतं, आणि पोचल्यापासून एक वर्षानं माणूस बाहेर पडतो. मंत्रिमहोदयांना वाटलं पत्र सचिव पाठवतील. सचिवांना वाटलं जाहीर केलं म्हणजे झालं. सहा महिने पत्र कुणी पाठवलंच नाही. शेवटी तिकडच्या कार्यालयानं अत्यंत अदबीनं विचारलं की आपण निघालात असं ऐकतो, ते खरं का? मग धावपळ. लाखेची मोहोर ज्या कपाटात, त्याची किल्ली सेवानिवृत्त कारकुनाकडे. तो मुलीकडे गेलेला. असं करत आमचं पत्र तिकडे पोचलं २० सप्टेंबरला. झाकली मूठ म्हणून ही तारीख कुणाला सांगितली नाही.

म्हणजे येत्या २० सप्टेंबरपर्यंत आपण आत आहोत. त्याआधी दाखल झालेला अर्ज त्यांना ऐकावाच लागेल, आणि आपण नंतर बाहेर पडलो तरी तो मरत नाही. तेही करारात आहे.

मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अकरा महिने. रोज सकाळी कॅलेंडरकडे पाहायचो आणि चहा मागवायचो. तुझी पोर येऊन तिनं कागद कडेला कड लावले नसते तर हा महिनाही चहातच गेला असता. ‘भीती वाटत होती’ असं लिहून पाहिलं आणि खोडलं. भीती दाजींना वाटायला हवी होती. छावणीच्या कुंपणाआड ताजी खणलेली जमीन त्यांनी नकाशात दाखवली, आणि ती खोडा म्हटल्यावर नाही म्हणाले. मला नुसतं अवघड वाटत होतं. निवृत्तीला सहा वर्षं आहेत, सचिव चांगला माणूस आहे, असलं काहीतरी.

ती गेल्यावर मी तुझी फाइल मागवली. मूळ फाइल, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तुला कायम वाटत आलं की आत काहीतरी आहे आणि आम्ही ते दडवतो. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून तर मी उघडली नव्हती. ताई, आत तुझे अर्ज आहेत आणि माझी उत्तरं आहेत. बाकी काही नाही. कुणाला विचारलेलं नाही, कुठे पत्र गेलेलं नाही. दाजी गेले असं सांगणारा कागद नाही, आहेत असं सांगणारा नाही. आम्ही जो विचार करत होतो त्याला विषयच नव्हता. म्हणून मी वर सौ. लिहिलं. त्याच्या उलट लिहायला मला कुठलाही आधार सापडलेला नाही.

सोबत एक कागद आहे. परवा मी स्वतः लिहिला, स्वतः सही केली आणि जावक नोंदवहीत स्वतःच चढवला, म्हणजे तो गेलाच नाही असं उद्या कुणाला म्हणता येऊ नये. ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. हा निर्णय अंतिम असून याविरुद्ध देशात दाद मागण्याची कोणतीही तरतूद उरलेली नाही.’ दोन ओळी आहेत. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेलं सगळ्यात स्पष्ट मराठी. तुझ्या भावजयीनं वाचलं आणि एवढंच विचारलं, “तारीख घातलीस का?” घातली आहे. सचिवांना सोमवारी कळेल. त्यांचं मी पाहतो. त्यांनाही यथावकाश सांगायचा विचार होता, पण नोंदवही रोज त्यांच्याकडे जाते.

कागदाची छायाप्रत चालत नाही, मूळ प्रत लागते. ती जप. टपालावर विसंबू नकोस. ते लोक पोचल्याची तारीख धरतात, टाकल्याची नाही. वकीलबाईंना उद्याच गाठ आणि अर्ज भाचीच्या हाती पाठव. मोठ्या दारानं शिरलं की डाव्या हाताला नोंदणीची खिडकी आहे, चार वाजता बंद होते. मी सव्विसाव्या वर्षी तिच्यासमोर बॅग घेऊन उभा होतो. पोचपावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही उमटवून घ्यायला सांग.

तिथे काय होईल याची खात्री मी देत नाही. मी दिलेल्या आशांचं काय होतं ते तू पाहिलं आहेस. निकाल तुझ्या बाजूनं लागला तर हे लोक तो मानणार नाहीत. पण त्याआधी एकदा त्यांना उभं राहून, नाव घेऊन, तो माणूस कुठे आहे याचं उत्तर द्यावं लागेल. विचाराधीन म्हणून तिथे चालत नाही. चार वर्षांपूर्वी अकरांऐवजी पंधरा जणांनी विचारलं असतं आणि इकडे ऐकणारे कान होते. ती चार वर्षं मी परत देऊ शकत नाही. माफीही मागत नाही; मागितली आणि तू ती विचाराधीन ठेवलीस तर मला तक्रारीला जागा नाही.

दाजींची मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई अजून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी आहे, तू तिचे पाय पुसतेस, असं भाची म्हणाली. पुसत राहा.

सत्तावीस दिवस आहेत. हे पत्र वाचून झालं की मला फोन करू नकोस, वकीलबाईंना कर.

तुला एकदाचा नाही म्हणालेला,

तुझा गुळमुळ्या