भाड्याच्या सायकलचं सीट

अप्पा, आज रविवार. दुपारपासून एकच कॉम्प्युटर चालू करतोय, बंद करतोय, आणि जिवाला चैन नाही. उठतो, पाणी पितो, परत येऊन बसतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, बूड टेकव की एकदा. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात कॉम्प्युटर नव्हता, म्हणून आधी सांगतो. पेठेतल्या वाचनालयाला कुणीतरी जुने कॉम्प्युटर दिलेत. त्यांच्यासाठी मी एका पेनड्राइव्हवर लिनक्सची आख्खी यंत्रणा तयार केली आहे. पेनड्राइव्ह लावायचा, मशीन सुरू करायचं, काम करायचं. बंद केलं की आधीच्या माणसानं केलेलं सगळं पुसलं जातं, पुढच्याला पुन्हा पहिल्यासारखं मिळतं. तुमच्या दुकानातल्या भाड्याच्या सायकलींसारखंच, फक्त इथं संध्याकाळी कुणाला फडकं मारावं लागत नाही.

हे मी कुठल्या क्लासला जाऊन शिकलो नाही, आणि ते लोकांना जरा जास्तच वेळा सांगतो. पहिल्या खेपेला फसलोही. अक्षरं, रंग, सगळं माझ्या खात्यात मनासारखं लावलं, पेनड्राइव्ह बनवला, सुरू केला, तर समोर नुसता करडा पडदा. माझं काहीच नाही. मग शोधून काढलं की आत एक नमुन्याचा फोल्डर असतो आणि दर वेळी येणाऱ्या नव्या माणसाचा पडदा त्याच्यावरून तयार होतो. आपली आवडनिवड तिथं ठेवावी लागते. ठेवली. बारीक, रेखीव मराठी अक्षर. काळसर पडदा, त्यावर एकही चिन्ह नाही. जिथून सगळं उघडतं ती खालची पट्टी आपोआप लपणारी, म्हणजे जागा मोकळी. काल वाचनालयात लावलं तेव्हा मी हात मागे बांधून उभा होतो.

रोज पेपर वाचायला येणाऱ्या एक आजी आहेत, विड्या वळण्यात जन्म गेलेल्या. पहिला मान त्यांना दिला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ''बंदच हाय की ह्ये.''

''चालू आहे, आजी. माउस खाली न्या, पट्टी येईल.''

''खाली कुटं?'' म्हणत त्यांनी माउस उचलून टेबलाच्या कडेखाली धरला. कुणीतरी हसलं. आजी उठल्या. ''आमचा पेपर बरा बाबा. त्यो तरी लपत न्हाय.'' ग्रंथपाल मॅडमनी मला बाजूला घेतलं. ''सर, छानच आहे हो. पण ते तुमच्यासाठी छान आहे. सोमवारी परत बघू. नाही जमलं तर कॉम्प्युटरवाल्याला नेहमीचंच टाकायला सांगते.'' म्हणजे उद्या.

तुमच्यासाठी, हा शब्द कालपासून टोचतोय, कारण तो आधी तुमच्याकडून ऐकलाय. दहावीची सुट्टी होती. तुम्ही कुणाच्या तरी लग्नाला मोहोळला गेला होता आणि दुकान माझ्यावर होतं. मी सगळ्या सायकलींची सीटं माझ्या उंचीला चढवली. एका रेषेत, काय दिसत होती. तुम्ही येता, पिशवी ठेवता, पाना उचलता आणि पहिलं सीट खाली घेता. मी अजून तिथंच उभा आहे.

''गिऱ्हाइकं काय लहान पोरं आहेत का?'' मी विचारतो.

''उंच शीट झोकात दिसतं, व्हय. पण ते तुज्यासाटी. ज्याला सायकल येती त्यो शीट आपलं आपण वर करून घेतो. ज्याला येत न्हाय, त्याला पाना तरी धरता येतो का? त्याचा पाय टेकला पायजे आदी.'' आणि पाना माझ्या हातात दिलात. ''बाकीची तू कर. आन् ह्यो ठेव तुज्याकडंच.'' मी फुगून एकेक सीट खाली घेतलं. तुम्हाला टापटीप कळत नाही, असंच मनात म्हणत होतो. तो पाना आत्ता कीबोर्डशेजारी आहे.

तर आज दुपारभर तेच करतोय. त्या नमुन्याच्या फोल्डरात अक्षर मोठं केलं. पडदा पांढरा केला. पट्टी लपत नाही आता. पेपर उघडायचं चिन्ह ठळक, मधोमध. प्रत्येक बदलाला असं वाटलं की स्वतःच्या हातानं खराब करतोय. मग शेवटचं बंद करून चालू केलं, आणि लक्षात आलं की मी पडद्याला नाक न लावता खुर्चीला टेकून बसलोय. अप्पा, ते बारीक अक्षर मलाही दिसत नव्हतं. कुठं काय आहे ते पाठ होतं, म्हणून वाचत होतो. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि मी डॉक्टरकडे जायचं टाळतोय. मॅडमना हे सांगणार नाही, आजींसाठी केलं असंच म्हणेन.

हे सगळं त्याच पेनड्राइव्हवर टाइप केलंय. उद्या न्यायच्या आधी पुन्हा एकदा बंद करून तपासायला हवं, आणि बंद केलं की हे जाईल. तपासल्याशिवाय माझ्यानं नेववणार नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तरी घटकाभर चालूच ठेवलंय.