पहिल्या पानाचं तूच ठरव

सूनबाई,
प्रेसमध्ये चाललोय, जेवायला थांबू नकोस.
तुझ्या पुस्तकाची फाइल मी तपासलीच नव्हती. माझ्या कॉम्प्युटरवर पानभर नुसते चौकोन दिसत होते. "माझं जुनं मशीन झकास चालतं," अशी फुशारकी मारून तुम्हाला नवं घेऊ दिलं नव्हतं ना, मग सांगायचं कुठल्या तोंडानं? तू विचारलंस तेव्हा "एकही चूक नाही" असं ठोकून दिलं. एकतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसानं!

काल टायपिंगवाल्या बाईंकडे गेलो. "आजोबा, फाइल नव्या वर्डची, तुमचं वर्ड जुनं. एवढंच तर आहे," म्हणाल्या आणि दोन मिनिटांत जुन्या पद्धतीनं सेव्ह करून दिली. सगळं वाचलं. बेचाळीस चुका निघाल्या. दुपारी छपाई सुरू व्हायच्या आत पानं पोचवतो.

पहिल्या पानावर तू लिहिलंयस, "बाबांना, ज्यांच्या नजरेतून एक अक्षरही सुटत नाही."
तेवढं पान टेबलावर ठेवलंय. ठरवून प्रेसमध्ये फोन कर. लाल पेन शेजारीच आहे.

बाबा