शालिकदादाच्या ताटात जेवजा

बाबा,

मायसंग वावरात चालली. तिच्यासमोर हे बोलता येत नाही, म्हून लिहून ठेवलं.

दशम्या बांधल्या हायेत, त्या गाडीतच संपवजा. मुंबईत दादाची पेटी आणाले जासान, तवा बाहेरचं नको म्हून उपाशी फिरू नका. त्याच्या खोलीखालीच सोजराबाईची खानावळ हाय. शालिकदादा तिथंच जेवे. ती त्याच्यापुरती ज्वारीची भाकर टाके, अन् हा तुमच्यासारखाच वरून गुळाचा खडा मांगे. तुमचं नाव कोरलेलं ताट त्यानं घरून नेलं होतं, ते तिच्यापाशीच हाय. त्यातच वाढाले सांगजा, अन् येतानी घेऊन येजा.

ताटाचं नाव काढलं की ती विचारीन, "शालिक कवा येते?" तो दिवाळीले घरी आला अन् तापानं इथंच गेला, हे तिले कोणी कळवलं नाही. तुमी आधी जेवून घ्या, मंग सांगा. आधी सांगसान तर तिचा वाढता हात थांबन, अन् तुमी तेरवीच्या दिवशी घास न घेता उठले तसेच उठसान.

त्याच्या ताटावरून तरी उपाशी उठू नका.

रुख्मा