पाणदरवाज्यामागचा आवाज

मंगळवार, ४ मार्च

पाय मोडला! रोज दुसऱ्यांच्या हाडांचे एक्स-रे काढणारी मी, आज माझाच घोटा पडद्यावर. हाताखालची पोरगी म्हणते, "मॅडम, हलू नका हं." माझंच वाक्य, मलाच! प्लास्टर. आता घरी बसा.

बुधवार, ५ मार्च

कॉलेजला जाताना लेकीनं तिचा गेम माझ्या हातात कोंबला. ओंजळीत मावेल एवढा, दोन्हीकडे बटणं. "आई, मारामारी नाही यात. डोकं चालवायचं." एक बुडालेलं शहर आहे. होडीतून हिंडायचं, चक्रं फिरवायची, घंटा वाजवायच्या. कोडं सुटलं की पाणी उतरतं. पहिल्याच चौकात अशी अडकले की जेवण विसरले. शेजारी माझी आई मटार सोलत बसलेली. "एवढं काय आहे गं त्या डबड्यात?"

गुरुवार, ६ मार्च

गेम उशीखाली सारून हे लिहितेय.

दुसऱ्या चौकात एक बंद पाणदरवाजा आहे. पलीकडे एक बाई. दिसत नाही, नुसती बोलते. चुकलं की टोकते. मी घाईनं चक्र फिरवलं तर म्हणाली, "अगं, दमानं! जगबुडी आलीय का?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसली — हसण्याआधी सुर्रकन श्वास आत ओढून.

ताई!

असं हसणारी बाई जगात एकच. माझी सख्खी मोठी बहीण. नाटकात काम करायचं म्हणून ठरलेलं लग्न मोडून गेली, ती गेलीच. पत्र नाही, फोन नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा फिरकली नाही. त्यानंतर या घरात मी तिचं नाव काढू दिलेलं नाही. मनात मात्र येतंच — जिवंत तरी आहे का?

आईनं विचारलं, "काय झालं गं? पांढरीफटक पडलीस."

"पाय ठणकतोय."

शुक्रवार, ७ मार्च

नवऱ्याला ऐकवलं. "आवाजासारखे आवाज असतात," म्हणाला. नेटवर शोधलं म्हणे, कंपनीचं नाव तेवढं सापडलं. लेकीला आडून विचारलं. "आवाज कुणाचे ते अगदी शेवटी येतं, आई. गेम संपव."

संपवते!

रविवार, ९ मार्च

कानात इअरफोन घालून खेळते. आईच्या कानावर जाता कामा नये, तिचं बीपी आधीच वर.

आज मुद्दाम चुकले. थोरली घंटा आधी वाजवली. "वेडाबाई, आधी धाकटी!" परत वाजवली. परत तेच. परत. नवरा म्हणाला, "सुटत नाहीये का?" सुटलंय केव्हाच! मला फक्त तिचं ओरडणं ऐकायचं होतं. इतका राग होता तिच्यावर — कुठे गेला?

मंगळवार, ११ मार्च

संपला. सगळं पाणी उतरलं, पाणदरवाजा उघडला — आणि आत कुणीच नाही! रिकामी खोली. मग नावं सुरू झाली. ढीगभर नावं. आणि त्यात तिचं. आडनाव अजून आमचंच.

जिवंत आहे. नळ सोडून बाथरूममध्ये रडून घेतलं.

उद्या आईला सांगणार. नवऱ्याला रजा टाकायला लावलीय, न जाणो तिला काही झालं तर.

बुधवार, १२ मार्च

पाणी तयार, गोळी तयार, नवरा दारात उभा. मी आईचा हात धरला आणि ताईचा आवाज लावला.

आईनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "सर्दी झाली होती गं तिला तेव्हा. घसा बसलाय बघ."

मी गेम बंद केला. "तुला माहीत होतं?"

"दुपारचा फोन करते ना. तू ड्यूटीवर असलीस की."

"आणि बाबा?"

"त्यांना भेटून गेली की, दवाखान्यात."

माझ्याच दवाखान्यात! मी तळमजल्यावर लोकांच्या छातीचे फोटो काढत होते, आणि ताई वर, बाबांच्या उशाशी!

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तिचं नाव निघालं की तू ताटावरून उठायचीस. कुणाची छाती होणार?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. म्हणजे यालाही!

मी सोडून सगळ्यांना.

गुरुवार, १३ मार्च

दुपारी आईचा फोन वाजला. तिचा डोळा लागला होता. मी उचलला.

"आई, बोलू ना? ती नाही ना घरात?"

"आहे," मी म्हटलं. "मीच बोलतेय, ताई."

तिनं फोन ठेवून दिला.

ठेवून दिला!

मी तसाच हातात धरून बसले. मग तो पुन्हा वाजला.