आधी माती, मग देऊळ

बुकित पंजांग, सिंगापूर
९ नोव्हेंबर २००३

प्रिय प्रबोधभावोजी,

तुम्हा सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम. आईंचे गुडघे आणि शुभदाताईंचा दमा कसा आहे? आम्ही मायलेकी ठीक आहोत. आर्याची परीक्षा झाली. मी मराठीत विचारते, ती इथल्या पोरांसारखं 'ओके लाह' म्हणते. तुमचा भाऊ असता तर चिडला असता. मी चिडत नाही. एप्रिलमध्ये शिरीष गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही, चिडणं तरी कुठून आणू?

तुमचं पत्र येऊन महिना झाला. खडकेवाडीच्या आपल्या चर्चच्या देवळाला शंभर वर्षं होतात, नाताळात स्मरणिका काढायची, आणि शिरीष लिहिणार होता तो इतिहास आता तुम्ही माझ्याकडे मागितलात. लिहिलं त्यानं काहीच नाही. बोलायचा मात्र इतका की मला पाठ झालंय. तेव्हा घ्या. भाषा तुम्ही सुधारा.

पणजोबा गावातले पहिले ख्रिस्ती. प्लेगात गेले. धर्म सोडला म्हणून गावानं स्मशानात घेतलं नाही आणि प्लेग म्हणून भाऊबंदांनी हात लावला नाही. तेव्हा पणजीनं त्यांना स्वतः घोंगडीत गुंडाळलं, बैलगाडीत घातलं, आपल्याच मळ्याच्या बांधाशी खड्डा खणला आणि माती दिली. मिशनचे साहेब पोचले दुसऱ्या दिवशी, प्रार्थनेपुरते. मग दर रविवारी त्या मातीपाशी चार माणसं बसायला लागली. ऊन लागतं म्हणून छप्पर आलं, छपराखाली भिंती आल्या, घंटा आली. (घंटा अमेरिकेहून आली असं छापू नका हं. शिरीषच्या मते ती मिरजेच्या बाजारातली.) तो म्हणायचा, दुसऱ्या गावांत आधी देऊळ झालं आणि मग दफनभूमी. आपल्याकडे आधी माती, मग देऊळ.

आपल्या घरचे सगळे पणजोबांच्या त्याच ओळीत आहेत. मामंजींच्या शेजारची जागा शिरीषची, असं आई त्याला लहानपणापासून सांगायच्या, जसं काही जेवणाचं पान मांडून ठेवलंय. तो हसायचा.

झाला इतिहास. दुसरं तुम्ही मागितलंत ते त्याच्या थडग्याचा फोटो. उत्तराला महिना लागला तो त्यापायी.

भावोजी, थडगं नाही.

मूत्रखड्यासाठी हॉस्पिटलात गेला आणि तिथे सार्सचा ताप आला, एवढं तुम्हाला माहीत आहे. सार्सनं गेलेल्याला इथे दिवसाच्या आत दहन केलं. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी 'सगळं नीट झालं' म्हटलं. तुम्ही दफन समजलात, मी समजू दिलं. आईंना 'जाळला' हा शब्द कसा ऐकवायचा?

आम्ही दोघी तेव्हा क्वारंटाइनमध्ये. घरात सरकारी कॅमेरा लावलेला. फोन वाजला की त्याच्यासमोर उभं राहून दाखवायचं, आहोत घरातच. शिरीषच्या ऑफिसातला मित्र श्रीनिवास तेवढा दहनाला गेला आणि लांब उभा राहिला. बिचारा ब्राह्मणाचा मुलगा, आपल्यात काय म्हणतात त्याला काय ठाऊक! त्यानं मोबाइल लावला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही म्हणा. मी फोन त्याच्या दिशेनं धरतो." आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. मध्येच घरचा फोन वाजला. आर्या उठून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तिथूनच म्हणत राहिली.

अस्थींचा डबाही श्रीनिवासनंच आणून दिला. समुद्रात सोडायच्या असतील तर मी बरोबर येतो, म्हणाला. मी नको म्हटलं. डबा कपाटात आहे. आई दर रविवारी फोनवर विचारतात, "फुलं ठेवलीस का गं?" मी हो म्हणते. ते खोटं नाही. ब्लॉकखालच्या बाजारातून आणते, डब्यासमोर ठेवते, मग भाताला पाणी चढवते.

मी अजून रडलेली नाही. लोक म्हणतात, विनीता धीराची. धीर कसला डोंबलाचा! पणजीनं प्लेग असून हात लावला. मला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. शेवटचा बघितला तो लिफ्टच्या दाराशी, हातात पायजम्याची पिशवी. म्हणाला, वरण जास्त कर, उद्या येतो. नुसता हात लावायला मिळाला असता ना, तर मी रडले असते. राग येतो तो याचाच. म्हणजे यायला हवा.

आम्ही नाताळाच्या आधी येतोय. डबा बरोबर आणतेय. आईंना मीच समोर बसून सांगेन, तुम्ही आधी बोलू नका. पण मंडळीच्या पंचांना विचारून ठेवा, मामंजींच्या शेजारी त्याला जागा देतील का. जाळलेल्याला आपल्या ओळीत घेत नाहीत, असं कुणी म्हणालं तर वर लिहिलेला इतिहास त्याला वाचून दाखवा. पणजोबांनाही कुणी घेत नव्हतं. तरीही नाहीच म्हणाले, तर मळ्याचा बांध अजून आपलाच आहे.

खड्डा कुणाकडून खणून घेऊ नका. कुदळ तेवढी काढून ठेवा. या वेळी हात मी लावणार आहे.

पणजीच्या घरची सून,
विनीता